नागरी पाहणीची पद्धती : ठाणे व कल्याण-डोंबिवली यांच्या संदर्भात काही विचार

काही वर्षांपूर्वी विभागातील एका विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधिकेचा पहिला मसुदा आमच्याकडे वाचावयास दिला. त्यातील दुसऱ्या प्रकरणात एक लहानसे कोष्टक होते. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेप्रमाणे ११,९३,५१२ आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे १२,४७,३२७. म्हणजे दहा वर्षांत वाढ अवघी साडेचार टक्के. शेजारच्या ठाणे महानगरपालिकेची लोकसंख्या त्याच काळात १२,६२,५५१ वरून १८,४१,४८८ वर गेली. ही वाढ सेहेचाळीस टक्क्यांच्या घरात जाते. या दोन आकड्यांवरून त्या विद्यार्थ्याने कल्याण-डोंबिवलीची वाढ आता कुंठित झाली असून महानगराचा विस्तार ठाण्यापाशी अडला आहे, असा निष्कर्ष काढला होता व त्याच्या समर्थनार्थ तीन पाने लिहिली होती. आकडे अधिकृत होते, भागाकार बरोबर होता, भाषाही नेटकी होती. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा होता. डोंबिवली स्थानकाच्या पुलावर सकाळी आठ वाजता एकदा उभे राहिलेल्या कोणालाही तो संशयास्पद वाटला असता.

चूक कोठे झाली? कल्याणची महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली, तेव्हा कल्याण व डोंबिवली यांच्याबरोबर अंबरनाथ आणि भोवतालची अनेक गावेही तिच्या हद्दीत घेण्यात आली. १९९२ साली अंबरनाथची नगरपालिका पुन्हा वेगळी झाली. २००२ साली सत्तावीस गावे हद्दीबाहेर काढण्यात आली आणि २०१५ साली ती पुन्हा आत घेण्यात आली. २०२० साली त्यांपैकी अठरा गावे वगळण्याचा निर्णय शासनाने घेतला व तो उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द ठरविला. म्हणजे २००१ च्या आकड्यात ही सत्तावीस गावे आहेत आणि २०११ च्या आकड्यात ती नाहीत. विद्यार्थ्याने एका शहराची दोन वेळची तुलना केलेली नव्हती. एकच नाव धारण करणाऱ्या दोन निराळ्या प्रदेशांची तुलना केली होती. तीही अशी की, ज्या कडेच्या गावांत नवी वस्ती सर्वांत झपाट्याने उभी राहत होती तीच नेमकी दुसऱ्या मापनातून गळलेली होती.

नागरी संशोधनाच्या पद्धतीविषयी लिहिताना आरंभ सामान्यतः प्रश्नावलीपासून करण्याची प्रथा आहे. आमच्या मते तो सीमेपासून करावयास हवा. अभ्यासाचे क्षेत्र कोणते, ते कोणत्या दिनांकाच्या हद्दीप्रमाणे धरले आहे आणि प्रत्येक वर्षाचा आकडा त्या हद्दीत बसवून घेतला आहे किंवा नाही, हे तीन खुलासे पहिल्या प्रकरणात नसतील तर पुढची कोष्टके वाचण्यात अर्थ नाही. वरील प्रकरणी उपाय अवघड नाही. २०११ च्या जनगणनेतील कल्याण तालुक्याच्या ग्रामनिहाय व नगरनिहाय तक्त्यांतून ती सत्तावीस गावे शोधून काढावी, त्यांची लोकसंख्या महानगरपालिकेच्या आकड्यात मिळवावी आणि मग २००१ शी तुलना करावी. दोन दिवसांचे कंटाळवाणे काम आहे इतकेच. जिल्ह्याच्या पातळीवरही हीच दक्षता घ्यावी लागते. २०११ साली १,१०,६०,१४८ लोकवस्तीचा ठाणे जिल्हा देशातील सर्वांत मोठा जिल्हा म्हणून नोंदला गेला, परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा त्यातून वेगळा झाला. आजच्या ठाणे जिल्ह्याविषयी लिहिताना तो जुना आकडा जसाच्या तसा उद्धृत करणारे लेख अजूनही दृष्टीस पडतात.

सीमेचा प्रश्न केवळ अंकगणिताचा नाही. एखादे गाव नागरी की ग्रामीण, हे ठरविण्याची जनगणनेची कसोटी तिहेरी आहे : लोकवस्ती किमान पाच हजार, पुरुष मुख्य कामकऱ्यांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाह्य व्यवसायांत, आणि दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसांची घनता. कायद्याने नगरपालिका असलेली स्थळे या कसोटीशिवायही नागरी ठरतात. म्हणून ग्रामपंचायतीचा कारभार असलेले गाव जनगणनेत नगर म्हणून दिसू शकते. कल्याण-शीळ रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या बहुमजली इमारतींत राहणारा माणूस स्वतःला डोंबिवलीकर म्हणवतो. सात-बाराच्या उताऱ्यावर मात्र गावाचेच नाव असते, आणि पाणी, कर, कचरा यांपैकी कोणती बाब कोणत्या कचेरीकडे जाते हे अनेकदा त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. या संदिग्धतेचा अभ्यासकाला त्रास होतो हे खरे; पण तिच्यामुळे ज्याच्या घरी टँकर येतो किंवा येत नाही त्याला अधिक त्रास होतो, हे ध्यानात ठेवावे. हद्दीची रेघ संशोधनाचा विषय आहे, केवळ संशोधनाची चौकट नव्हे.

सीमा निश्चित झाल्यावर दुसरा प्रश्न नमुन्याच्या आधारयादीचा येतो. यादृच्छिक नमुना निवडावयाचा म्हणजे ज्यांतून निवडावयाचा त्या सर्वांची यादी हाती हवी. अशी यादी ठाण्यात किंवा कल्याणात कोठे आहे? २०२१ ची जनगणना झालीच नाही. नव्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ हा ठरविण्यात आला आहे. तोपर्यंत गणनागटांचे जुने तपशील हाच आधार, आणि घोडबंदर रस्ता किंवा दिवा यांसारख्या भागांत दीड दशकापूर्वीचा तपशील म्हणजे जवळजवळ दुसऱ्या गावाचा तपशील होय. मतदारयादी सहज मिळते म्हणून ती वापरण्याचा मोह होतो. परंतु जो कामगार आपले मत जळगावास, आझमगडास किंवा गुलबर्ग्यास ठेवून येथे दहा वर्षे राहत आहे तो तीत नाही, आणि जो लग्न होऊन किंवा घर विकून निघून गेला तो तीत आहे. मालमत्ता-कराची नोंदवही मिळकती मोजते, कुटुंबे नव्हे. एका मिळकतीत चार भाडेकरू असू शकतात आणि चार मिळकतींना कुलूप असू शकते.

या याद्यांतून गळणारी माणसे योगायोगाने गळत नाहीत. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे एक अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे मरण पावली. त्या इमारतीचे बांधकाम चालू असतानाच तीत कुटुंबे राहावयास आली होती. एखाद्या संशोधकाने त्याच्या आदल्या महिन्यात ठाणे शहरातील घरांची पाहणी केली असती, तर त्याच्या कोणत्या आधारयादीत ती कुटुंबे सापडली असती? बहुधा कोणत्याच नाही. शहरातील सर्वांत धोक्याच्या घरांत राहणारे लोक ज्या यादीत नाहीत, त्या यादीवरून काढलेला घरांच्या सुरक्षिततेचा सरासरी अंदाज कितीही सुबक असला तरी तो चुकीच्या दिशेलाच झुकलेला असणार. नमुन्याचा आकार वाढविल्याने हा दोष कमी होत नाही, हे विद्यार्थ्यांना पटवून देणे सर्वांत कठीण जाते. पाचशेऐवजी पाच हजार घरे घेतली तरी यादीबाहेरचा माणूस यादीबाहेरच राहतो. झोपडवस्त्यांच्या आकड्यांचेही तसेच आहे. २०११ च्या जनगणनेत अधिसूचित व मान्य वस्त्यांखेरीज किमान तीनशे लोकांची अथवा सुमारे साठ-सत्तर कुटुंबांची दाट वस्ती असेल तरच ती झोपडवस्ती म्हणून ओळखली गेली. नाल्याच्या काठची पंचवीस घरे त्या व्याख्येत येत नाहीत. ती घरे आहेत आणि पावसाळ्यात त्यांत पाणीही येते.

यावर उपाय एकच, आणि तो जुना आहे : पायी फिरून स्वतः घरांची यादी करणे. एका प्रभागातील काही गट निवडावे, प्रत्येक गटाचा हाताने नकाशा काढावा, प्रत्येक दार मोजावे, जिन्यावरून वर जावे, गच्चीवरील पत्र्याची खोली व तळमजल्यावरील गाळ्यामागची खोली पाहावी, आणि मग त्या यादीतून नमुना काढावा. उपग्रहचित्रांवरून छपरे मोजता येतात व ती अवश्य मोजावी. पण छपराखाली किती चुली आहेत हे चित्र सांगत नाही.

पायी फिरण्याच्या या पद्धतीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. सर पॅट्रिक गेडीस यांनी १९१५ साली मुंबई इलाख्यातील काही शहरांच्या पुनर्रचनेविषयी जे अहवाल लिहिले त्यांत ठाण्याचाही समावेश होता. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला तेव्हा तेच त्याचे पहिले प्रमुख झाले. उपचाराआधी निदान आणि निदानाआधी शहराची गल्लीबोळांतून केलेली पाहणी, हा त्यांचा आग्रह होता. हिवतापाच्या भीतीने शहरांतील तलाव सरसकट बुजविण्यास त्यांचा विरोध असे, कारण तलाव कोण, कशासाठी, कोणत्या वेळी वापरतो हे त्यांनी काठावर उभे राहून पाहिलेले असे. मासुंदा तलावाकाठी राहणाऱ्या ठाणेकरांस या दृष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. गेडीस यांच्या लेखनात मोजमाप कमी व अंतर्दृष्टी अधिक, असा आक्षेप घेता येईल व तो काहीसा खराही आहे. ती उणीव धनंजयराव गाडगीळ आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी भरून काढली. पुण्याच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे क्षेत्रकार्य १९३६-३७ साली झाले, तिचे दोन भाग १९४५ व १९५२ साली प्रसिद्ध झाले, आणि सोवनी, आपटे व पेंडसे यांनी केलेली फेरपाहणी १९५६ साली बाहेर आली. फेरपाहणी करता आली याचे कारण हे की पहिल्या पाहणीने आपली एकके, व्याख्या व नमुना काढण्याची रीत स्पष्टपणे लिहून ठेवली होती. आपल्या प्रबंधिकेवरून वीस वर्षांनी दुसऱ्या कोणास तीच पाहणी पुन्हा करता येईल काय, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःस विचारावा. पुष्कळांचे उत्तर प्रामाणिकपणे नकारार्थी येईल. आमचे स्वतःचेही पहिल्या कामाबाबत तसेच आले.

आता वेळेविषयी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून या शहरांचे घड्याळ रेल्वेच्या वेळापत्रकाला जोडलेले आहे. डोंबिवलीत सकाळी अकरा ते पाच या वेळेत घरोघरी जाणारा पाहणीकार वस्तुतः डोंबिवलीची पाहणी करीत नाही. तो डोंबिवलीत दिवसा मागे राहणाऱ्या वृद्धांची, गृहिणींची, मुलांची व सुटीवरच्यांची पाहणी करतो. विद्यार्थ्यांना रात्री साडेआठनंतर जाणे गैरसोयीचे वाटते, आणि त्या वेळी दार उघडणाराही दोन तासांचा प्रवास करून नुकताच आलेला असतो. रविवार हाच काय तो मार्ग उरतो. त्यासाठी क्षेत्रकार्याचे दिवस दुपटीने धरावे लागतात. घरी कोणी न भेटल्यास शेजारच्या दाराशी जाण्याची जी सवय आहे ती तर सर्वथा सोडावी. बंद दाराऐवजी उघडे दार घेतले की नमुना यादृच्छिक राहत नाही. त्याच घरी निरनिराळ्या वेळी किमान तीनदा जावे आणि तरीही भेट न झाल्यास तशी नोंद करावी.

घरी सापडत नाहीत म्हणून प्रवाशांना स्थानकावर गाठण्याची युक्ती काही जण करतात. ती उपयुक्त आहे, पण तिच्यातील एक खोच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आठवड्यातून सहा दिवस प्रवास करणारा माणूस आपल्या नमुन्यात येण्याची शक्यता एकदाच प्रवास करणाऱ्याच्या सुमारे सहापट असते. म्हणून फलाटावर विचारलेल्या शंभर जणांचे उत्तर हे प्रवास करणाऱ्या शंभर व्यक्तींचे नव्हे, शंभर फेऱ्यांचे उत्तर असते. व्यक्तींविषयी विधान करावयाचे असल्यास ‘आठवड्यातून किती दिवस येता’ हा प्रश्न विचारून प्रत्येक उत्तराला त्याच्या व्यस्त प्रमाणात भार द्यावा लागतो. दिव्याहून चढणाऱ्यास गाडीत शिरता येते काय, हा तर स्थानकावरही न कळणारा प्रश्न आहे. त्यासाठी महिनाभर त्याच गाडीने जावे लागते. अशा सहभागी निरीक्षणात जी माहिती मिळते, म्हणजे गटांची ठरलेली जागा, नवख्याला मिळणारी वागणूक, बायकांच्या डब्यात चालणारी भाजी निवडण्याची व उसनवारीची देवघेव, ती कोणत्याही प्रश्नावलीत उतरत नाही. मात्र धडधाकट विद्यार्थ्यानेही दारात लोंबकळून निरीक्षण करू नये. जून २०२५ मध्ये मुंब्र्यापाशी गर्दीच्या गाड्यांतून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, याचे स्मरण ठेवावे.

दार उघडेल काय, हाही पद्धतीचाच प्रश्न आहे. कळव्याच्या किंवा कोळसेवाडीच्या बैठ्या चाळीत पाहणीकाराला पाणी विचारले जाते, बसावयास सतरंजी मिळते आणि एका घरची मुलाखत चालू असताना तीन शेजारणी उत्तरे दुरुस्त करतात. घोडबंदर रस्त्यावरील संकुलाच्या फाटकावर मात्र पहारेकरी वही पुढे करतो, सचिवांना दूरध्वनी होतो आणि ‘समितीची परवानगी आणा’ असे सांगितले जाते. परिणामी आपली समाजशास्त्रीय ग्रंथालये गरिबांविषयीच्या प्रबंधांनी भरली आहेत व सधन वस्त्यांविषयी आपल्याला फारसे काही ठाऊक नाही. शहरातील पाणी, मोकळी जागा व रस्ता यांचा मोठा वाटा कोण वापरतो हे समजून घेण्यास दुसऱ्या प्रकारची माहिती अधिक लागते. नकारांची संख्या वस्तीच्या प्रकाराप्रमाणे वेगळी दाखवावी, एवढे तरी प्रत्येकाने करावे.

प्रश्नांच्या शब्दांविषयी पुष्कळ लिहिण्याजोगे आहे. येथे दोन-तीनच अनुभव देतो. ‘कुटुंबात किती माणसे?’ असे विचारले की गावाकडचे भाऊ व सासरी गेलेल्या मुलीही मोजल्या जातात. ‘या चुलीवर किती जण जेवतात?’ असे विचारले की नेमका आकडा येतो. जनगणनेची कुटुंबाची व्याख्याही सामाईक स्वयंपाकघरावरच उभी आहे. ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाला तीस वर्षे कल्याणात राहिलेला माणूस ‘संगमेश्वरचा’ असे उत्तर देतो व ते खोटे नसते. पोळी-भाजी केंद्राला रोज शंभर पोळ्या लाटून देणारी बाई ‘मी घरीच असते’ असे सांगते. तिला नोकरीविषयी न विचारता काल सकाळपासून काय काय केले ते क्रमाने विचारावे. वर्षे कोणाच्या लक्षात राहत नाहीत, घटना राहतात. २६ जुलै २००५ चा पूर, १९९२-९३ च्या दंगली, २०१६ चा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील स्फोट, २०२० ची टाळेबंदी यांच्या आधी की नंतर, असे विचारल्यास घर बदलल्याची वा नोकरी सुटल्याची तारीख बऱ्याच अंशी जुळविता येते. उल्हास व वालधुनी यांच्या काठी तर भिंतीवर पुराची खूण दाखविणारे लोक भेटतात. ती जमिनीपासून मोजून घ्यावी; तोंडी सांगितलेल्या ‘कमरेइतक्या’ पाण्यापेक्षा ती अधिक विश्वसनीय असते.

कागदपत्रांचा पुरावा मुलाखतीपेक्षा श्रेष्ठ, असा एक समज इतिहासाकडून आलेल्या विद्यार्थ्यांत आढळतो. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे खंड, नगरभूमापनाचे नकाशे, फेरफाराच्या नोंदी हे सर्व बहुमोल आहे. परंतु कागद हाही कोणीतरी, काही हेतूने तयार केलेला असतो. डोंबिवली परिसरातील ६५ अनधिकृत इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा बनावट बांधकाम-परवानग्या दाखवून त्यांची स्थावर-संपदा प्राधिकरणाकडे नोंदणी करण्यात आल्याचे उघड झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश निघाला. ज्यांनी नोंदणी पाहून, कर्ज काढून तेथे घरे घेतली त्यांच्याजवळ सर्व कागद होते. केवळ नोंदणीच्या यादीवरून अधिकृत घरांची संख्या मोजणारा संशोधकही त्यांच्याइतकाच फसला असता. फरक इतकाच की त्याचे घर गेले नसते. उलटपक्षी, मालमत्ता-कराची पावती ही बांधकामाला मान्यता नव्हे, कारण अनधिकृत बांधकामावरही कर आकारला जातो. कागद कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही, हे प्रत्येक वेळी निराळे ठरवावे लागते.

शेवटची गोष्ट आम्ही चुकून शिकलो. एका वस्तीची वर सांगितल्याप्रमाणे घरोघरची यादी केली होती. नकाशावर दारांना अनुक्रमांक होते आणि तेच अनुक्रमांक प्रश्नावल्यांवर होते. काही महिन्यांनी एका कार्यालयातून त्या नकाशाची प्रत सौजन्यपूर्वक मागण्यात आली. मागणाऱ्या गृहस्थांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु कोणते घर केव्हा बांधले, भाडेकरू कोण, वीज कोठून घेतली आहे, हे सर्व त्या अनुक्रमांकांवरून एका दुपारीत काढता आले असते, आणि ते आम्हाला सांगणाऱ्या बायांनी चहा देऊन सांगितले होते. प्रत देण्याचे आम्ही टाळले. मात्र टाळताना आमच्याजवळ लेखी नियम असा कोणताच नव्हता. तेव्हापासून विभागात नकाशावरील क्रमांक व प्रश्नावलीवरील क्रमांक वेगळे ठेवले जातात. दोहोंना जोडणारी वही मार्गदर्शकाच्या कपाटात राहते आणि पाहणी संपून पडताळणी झाल्यावर ती नष्ट केली जाते. मुलाखत देणाऱ्यास ही व्यवस्था आधी सांगितली जाते. ती ऐकून एखादा माणूस बोलण्यास नकार देतो, तेव्हा तो नकार नोंदवहीत लिहून पुढच्या दाराशी न जाता यादीतील पुढच्या क्रमांकाच्या घरी जावयाचे असते.